उजेडाची तपासणी

सकाळी चहाचा कप तोंडाशी नेताना तपासनिसाच्या मनगटावर वरून पाण्याचा एक थेंब पडला आणि सगळ्या दिवसाचा विचका झाला. थेंब तो केवढा! दुसऱ्या कुणी तो विजारीला पुसून चहा संपवला असता. पण ज्या माणसाने उभी हयात मालाच्या खोलीएवढ्या लोखंडी डब्यांत शिरून ते कोरडे आहेत की नाहीत हे पाहण्यात घालवली, ज्याच्या खडूच्या एका खुणेवर डबा बोटीवर चढायचा नाहीतर भंगारात जायचा, त्याच्याच घरात, त्याने स्वतः पारखून घेतलेल्या डब्यात, वरून पाणी? थंडीचे दिवस होते. पाऊस जाऊन महिने लोटले होते. कप हातात तसाच धरून तो वर बघत राहिला. छताच्या दोन पांढऱ्या फळ्या जिथे जुळतात तिथे दुसरा थेंब धरत होता. तो फुगला, थरथरला, आणि पडलाच नाही. दाराशी शिवणयंत्रावर बायको कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे शिवत होती. तिने पाय थांबवले नाहीत. गळतंय का, एवढंच तिने विचारलं आणि विचारता विचारता तिला खोकल्याची उबळ आली. डबा गळत नसतो, असं तपासनीस म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. चहा तिथेच निवला.

डबा गळत नसतो हे त्याने आपलं उगाच ठोकून दिलं नव्हतं. हा डबा त्याने निवृत्तीच्या आदल्या महिन्यात स्वतः तपासला होता, आणि तपासणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! बंदरामागच्या आवारात रिकामे झालेले डबे येऊन पडत. त्यांत एकेकात शिरायचं. बाहेरून जोडीदाराने दोन्ही दारं ओढून घ्यायची, लोखंडी दांडे खाचेत बसवायचे, आणि आतल्या माणसाने काळोखात नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की छताकडे, मग भिंतींकडे, मग कोपऱ्यांकडे पाहायचं. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथून उजेड आत येतो आणि चांदणीसारखा लुकलुकतो. लुकलुकलं की डबा नापास. आतून मारलेली हाक बाहेर नीट पोचत नाही, नुसती घुमते, म्हणून सगळा कारभार ठोक्यांवर चालायचा. आतून एक ठोका म्हणजे पास, दार उघड. दोन ठोके म्हणजे नापास, खडू काढ आणि मग दार उघड. बाहेर उभ्या राहणाऱ्या जोडीदाराला आवारात सगळे जांभई म्हणत, कारण तो आधी जांभई द्यायचा आणि मग बोलायचा. पण दांड्यावरचा त्याचा हात कधी हलला नाही. ठोका पडला की दार उघडलंच पाहिजे, एवढं एक सूत्र त्याने आयुष्यभर पाळलं. ठोक्यांची ही भाषा तपासनिसाने घरीही आणली होती. भाड्याची खोली बघून आला की तो टेबलावर एक नाहीतर दोन ठोके मारायचा आणि बायको काय ते समजायची. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने एक ठोका पडायचा. तिथे दोन मारायची त्याची कधी छाती झाली नाही, आणि तशी वेळही आली नाही.

खोल्या तरी किती बघितल्या. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. ह्यांनी लग्न एकदाच केलं आणि घरं मात्र दुसऱ्यांनी बांधलेलीच पाहिली. कुठे मालकाचा मुलगा परत येणार म्हणून खोली सोडा, कुठे रंग काढायचाय म्हणून सोडा, कुठे काही कारण न देताच सोडा. दर खेपेला टेंपोत सामान भरायचं, गुंडाळलेल्या गादीवर बायकोने बसायचं, मांडीवर शिवणयंत्राचं डोकं. शेवटच्या घरात वरच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर ह्यांच्या कपाटावर गळायचं. तपासनीस तक्रार घेऊन वर गेला तर त्या बाईने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, पाणी आहे, खालीच जाणार. हे वाक्य त्याला इतकं लागलं की कितीतरी दिवस आवारात डबा तपासताना ते काळोखात ऐकू यायचं. त्याच सुमारास लेकीने दुसऱ्या गावाहून फोनवर चित्रं पाठवली. मालाच्या डब्यांची घरं. निळे, केशरी, राखाडी डबे. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, डब्याच्या टपावर कुंड्या, आणि काचेपाशी एक तरणं जोडपं हातात कप घेऊन बाहेर बघतंय. बाबा, तुमच्याच आवारातलं आहे हे, असं लेक हसत म्हणाली. बायको त्या काचेकडे बघत होती. तपासनीस बघत होता डब्याच्या चार कोपऱ्यांकडे, जिथे क्रेनचे आकडे अडकतात. म्हणजे उचलता येईल. उद्या कुणी म्हणालं, जागा सोडा, तर सोडतो की! क्रेन बोलवायची, चार आकडे लावायचे आणि घरच घेऊन चालू लागायचं. ताट, वाटी, कपाट, बायको, सगळं आतल्या आत. ह्या विचाराने त्याला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

डबा आला तेव्हा शहराच्या टोकाला जमिनीच्या एका तुकड्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. जागा मेव्हण्याच्या ओळखीने वर्षाच्या कराराने मिळाली होती. बघणारे वा वा म्हणाले, दाराशी उभं राहून फोटो काढले, आम्हीही हेच करणार बघा असं सांगितलं, आणि झोपायला आपापल्या विटांच्या घरी गेले. पुढचं सगळं ह्या दोघांनी सोसलं. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापे की आत बसवेना. म्हणून आतून लाकडी चौकटी, त्यांत फोमच्या लाद्या, त्यांवर फळ्या. त्यात दोन्ही बाजूंनी वीतभर वीतभर जागा गेली आणि पलंगाशेजारून जाताना माणसाला तिरपं व्हावं लागे. तळाच्या लाकडात किडे लागू नयेत म्हणून औषध मुरवलेलं असतं. ते तपासनिसाला ठाऊक होतं, म्हणून त्यावर दोन थर अंथरले, तरी उकाड्यात एक कडवट वास यायचाच. गंज दर वर्षी रंग मागायचा. क्रेन, पाया, फोम, फळ्या, रंग, एवढ्यात विटांचं घर उभं राहिलं असतं भावोजी, असं मेव्हणा एकदा म्हणाला, आणि तपासनिसाने पुढचे आठ दिवस त्याच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलणं केलं नाही. मेव्हणा वेल्डर होता. लोखंडाबद्दल घरातल्याच माणसाने आपल्याला शिकवावं हे तपासनिसाला पचण्यासारखं नव्हतं.

पण खरी कुरबूर खिडकीवरून. बायकोने चित्रातली काच बघितली होती, तेव्हा खिडकी येणार हे तिने धरूनच चाललं होतं. तपासनीसही आधी हो हो म्हणाला. मग आज करू, उद्या करू. मग एक दिवस त्याने तिला समोर बसवून सगळं समजावलं. ह्या पत्र्याला पन्हळीसारख्या नळ्या पाडलेल्या असतात ना, तोच ह्याचा कणा. तो मध्ये कापला तर उचलताना डबा पोटात वाकतो. आवारात बाजूला भोक असलेला डबा मी कधी पास केला नाही, आणि आता माझ्या हाताने माझ्या घराला भोक पाडू? मेव्हणा म्हणाला, कापल्या जागी जाड चौकट मारून देतो, हत्ती उभा राहील. तपासनीस म्हणाला, हत्ती उभा राहील, पण घर उचलता येणार नाही. तेव्हा बायकोने हातातला पडदा खाली ठेवला.

"उचलून न्यायचंय कुठं?" ती म्हणाली.

हे ऐकून तो हट्टालाच पेटला. दिवसा दोन्ही दारं उघडी असत, तेवढाच उजेड. तो शिवणयंत्रापर्यंत नीट यायचा, ओट्यापर्यंत मरगळून, आणि पलंगापाशी पोचेपर्यंत संपून जायचा. थंडीत दारं आतून नुसती ओढून घ्यावी लागत, मग दिवसाही दिवे. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते आणि मला स्वतःला खिडकी नाही, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. गिऱ्हाइकं हसायची. एक दिवस तपासनीस बाहेरून आला तर पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर बाहेरून त्याच्याच खडूने एक चौकोन काढलेला होता, हातभर उंच आणि दीड हात रुंद. त्याने ओल्या फडक्याने तो पुसला. दोन दिवसांनी तो पुन्हा उमटला. मग हे नेहमीचंच झालं. ती काढायची, तो पुसायचा, आणि जेवताना दोघं भाजीत मीठ कमी आहे की जास्त ह्यावर बोलायची.

खोकला गेल्या थंडीत सुरू झाला होता. ह्या थंडीत तो छातीत उतरला. रात्री ती उशीला टेकून बसूनच झोपायची, आणि श्वास घेताना आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजायची. लेक एकदाच राहायला आली. सकाळी उठून आईकडे बघत म्हणाली, आई, तुझा चेहरा धुतल्यासारखा ओला दिसतोय. डॉक्टरने विचारलं, घरात ओल आहे का? बायको म्हणाली, ह्यांना विचारा, ह्यांचा तोच धंदा. तपासनिसाने डॉक्टरला ठामपणे सांगितलं की आमच्या घरात ओल येणं शक्यच नाही, आणि का शक्य नाही हेही सांगितलं. डॉक्टरने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बाहेर पडल्यावर औषधांची चिठ्ठी पदराला बांधून बायको पुढे चालू लागली. काल संध्याकाळी मात्र पडद्याची घडी घालता घालता, आवाज जराही न चढवता, तिने सांगून टाकलं. भाऊ उद्या दुपारी टेंपो घेऊन येणार आहे. मशिन आणणार आहे कापायची. खिडकी कापली तर ठीक, नाहीतर तोच टेंपो आहे, माझं शिवणयंत्र त्यात ठेवते आणि त्याच्या मागच्या खोलीत राहायला जाते. तुम्हाला जेवण पाठवत जाईन. ते जेवण पाठवण्याचंच तपासनिसाला सगळ्यात जास्त लागलं, कारण ती रागात असती तर जेवणाचं बोलली नसती. तिने खरोखरच सगळा विचार करून ठेवला होता.

आणि आज सकाळी हा थेंब. एका परीने बरंच झालं, असं त्याने मनाशी जुळवून घेतलं. थेंब आहे म्हणजे भोक आहे. भोक सापडलं की बुजवायचं. भोक बुजलं की ओल गेली, ओल गेली की खोकला गेला, आणि खोकला गेला की खिडकीचं खूळही जाईल. मेव्हणा येऊन चहा पिऊन रिकाम्या हाताने परत जाईल. ह्या हिशेबाने तो शिडी लावून टपावर चढला. टप कोरडा ठणठणीत. त्याने बादलीभर पाणी वर नेऊन शिवणींवरून ओतलं आणि बायकोला आतून बघायला सांगितलं. काही नाही. छताच्या कडेला हवेसाठी ज्या लहानशा जाळीच्या झडपा असतात, त्या त्याने पहिल्याच वर्षी काळ्या चिकट लेपाने लिंपून टाकल्या होत्या, कारण भोक ते भोक. तो लेपही शाबूत. मग त्याने आत येऊन पलंग ओढला आणि भिंतीच्या फळ्यांचे खिळे उपसायला घेतले. पहिली फळी निघाली तेव्हा जो वास आला तो त्याने आवारात कधी घेतला नव्हता. फोमच्या लादीची मागची बाजू काळी होती, हाताला बुळबुळीत लागणारी, आणि मागचा पत्रा वरपासून खालपर्यंत पाझरत होता. दुसरी फळी काढली, तिसरी काढली, सगळीकडे तेच. बायको मागे दिवा धरून उभी होती. ती जिथे रात्री टेकून बसायची, उशीच्या मागची, बरोबर तीच भिंत. तिने दिवा त्या भिंतीच्या आणखी जवळ नेला.

एवढं पाणी म्हणजे भोक मोठं असणार. तपासनिसाचे हात त्यांच्या ओळखीच्या कामाला लागले. त्याने दिवे घालवले, दाराशी लावलेला जाड पडदा बाजूला सारला आणि तिला म्हणाला, तू बाहेर जा, दोन्ही दारं ओढ आणि दांडे लाव, मी आतून बघतो. ठोका मारला की उघड. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग पदर खांद्यावरून घेऊन बाहेर गेली. डावं दार आलं, उजवं दार आलं. रबराचे ओठ एकमेकांवर दाबले गेले आणि उजेडाची शेवटची रेघ पुसली गेली. एक दांडा बसला. दुसरा बसवायला तिला वेळ लागला, तो अर्ध्यात अडला, ती खोकली, आणि मग तोही बसला.

काळोख. हा काळोख त्याच्या ओळखीचा, घरच्यासारखा. आता तर तो खरोखरच घरात होता. तो डब्याच्या मध्यावर उभा राहिला, हात बाजूला सोडून, जसा आयुष्यभर उभा राहिला होता. आधी डोळ्यांत खोटे ठिपके येतात, हिरवे आणि जांभळे. त्यांना जाऊ द्यायचं. मग कान मोठे होतात. कुठेतरी घड्याळ चालू होतं. चिकट, थंड हवा मानेला लागत होती. आवारातल्या डब्यांना मालाचे वास असत, कधी कातड्याचा, कधी रंगाचा, कधी सुक्या मिरचीचा. इथे इस्त्रीच्या वाफेचा वास होता, सुकत घातलेल्या कपड्यांचा, तेलाचा, बायकोच्या छातीला चोळायच्या मलमाचा. ठिपके विझले. त्याने छत पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उघडी पडलेली भिंत पाहिली, नळीन्‌नळी. कोपरे पाहिले. वाकून तळ पाहिला. एक लुकलुक नाही. टाचणीएवढंसुद्धा नाही. त्याने जन्मात पाहिलेला सगळ्यात चोख डबा तो हाच. नकळत त्याची छाती फुगली. बोटाचं पेर पुढे करून त्याने दारावर एक ठोका मारला. पास.

दार उघडलं नाही.

ऐकू गेलं नसेल, म्हणून त्याने थोडं थांबून पुन्हा एक ठोका मारला, जरा जोरात. पलीकडे पावलांची हालचाल झाली. मग दाराच्या फटीशी, रबराला तोंड लावून कुणी बोललं की जसा दबलेला, लांबून आल्यासारखा आवाज येतो तसा तिचा आवाज आला.

"पुन्हा बघा."

तपासनीस हसला. असं बोलणारी माणसं आवारात असत, साहेब लोक. मग त्याचं हसू गेलं. अगं उघड, तो म्हणाला, आणि ते उघड उघड उघड असं डब्यात घुमून त्याच्यापाशीच परत आलं. त्याने दाराला खांदा दिला. त्याला चांगलं माहीत होतं की बाहेरून दांडे बसल्यावर हे दार आतून उघडायला केलेलंच नसतं. माल कधी आतून दार उघडत नाही. नव्या काचेचं दार आत बसवू, असं तो पहिल्या वर्षी म्हणाला होता, तेही राहून गेलं. खांदा दुखला. तो एकदम पोरासारखा घाबरला. इतकी वर्षं तो काळोखात उभा राहिला आणि कधी भ्यायला नाही, तो शूर होता म्हणून नव्हे. बाहेर दांड्यावर हात ठेवून जांभई उभा होता म्हणून. हे त्याला आज, ह्या वयात, आपल्याच घरात कळत होतं. पलीकडे ती खोकत होती. तो भिंतीला हात लावून थांबला आणि ऐकत राहिला. खोकला, शिट्टी, पुन्हा खोकला. दर थंडीत, दर दिवशी, तो बाजारात किंवा पेन्शनच्या कचेरीत किंवा जुन्या जोडीदारांच्या गप्पांत गेला की ती इथेच बसलेली असणार, दारं लावून, दिव्याखाली. तिने किती वेळा ठोके मारले असतील, त्या खडूच्या चौकोनांनी. तो प्रत्येक वेळी फडकं घेऊन बाहेर गेला.

मग त्याला ती गोष्ट आठवली, जी त्याने कुणालाच पुरती सांगितली नव्हती, जांभईलाही नाही. लग्नाला थोडी वर्षं झाली असतील. मालकाने खोली सोडायला सांगून दोन दिवस झाले होते. तो एका डब्यात उभा राहून छत बघत होता आणि बाहेर क्रेनवाल्याने आकड्याचा घोळ केला. शेजारचा उचलायचा तो हा उचलला. आधी चारही कोपऱ्यांत खट्ट झालं. मग पायाखालचा तळ किंचित डुलला, आणि जमीन गेली. बाहेर जांभई बोंबलत होता, ते लांब लांब जात ऐकू आलं. तो काळोखात पाय फाकून उभा, हवेत. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच. वाटलं, आता मी कुणाच्याच जागेत नाही. खाली कुणाची जमीन असेल ती असो. इथून मला कोण ऊठ म्हणणार? अंगावर काटा येईल असा आनंद त्याला झाला होता, लग्न झालं तेव्हा झाला नव्हता, लेक झाली तेव्हाही नाही. डबा खाली टेकला तेव्हा क्रेनवाला रडत पाया पडायला आला, आणि ह्याने त्याला माफ केलं म्हणून आवारात ह्याचं फार नाव झालं. कोण कुणाला माफ करत होतं! त्या आनंदासाठी त्याने हा डबा घेतला होता. नुसतं घर घ्यायचं असतं तर विटाही होत्याच. त्याला परत एकदा वर जायचं होतं, ह्या खेपेला बायकोला घेऊन. आणि ती बिचारी इतकी वर्षं जमिनीवर बसून पडदे शिवत वाट बघत होती, कधी हा खाली उतरतो त्याची.

टप्. कपाळावर थेंब पडला. तो तसाच राहू देऊन त्याने वर पाहिलं, आणि वर नुसता काळोख होता, चोख, पास झालेला. मग पाणी आलं कुठून? आता मात्र त्याचं डोकं त्याच्या मनाविरुद्ध चालू लागलं. बाहेरून येत नाही म्हणजे ते आतलंच. इस्त्रीची वाफ. पातेल्याची वाफ. सुकत घातलेले कपडे. त्याचा श्वास. तिचा श्वास. रात्रभर दोन माणसं श्वास सोडतात, तो जाणार कुठे, झडपा तर त्याने स्वतः लिंपल्या. तो फोमच्या मागे शिरतो, थंड पत्र्याला लागतो, पाणी होतो, आणि पुन्हा तिच्याच छातीत जातो. बोटीवर भरलेला माल घामतो असं लोक सांगायचे. पण त्याच्या वाटेला भरलेला डबा कधी आलाच नव्हता. तो तपासायचा ते सगळे रिकामे. रिकामा डबा घामत नाही. आयुष्यभर त्याने रिकाम्या डब्यांना पास केलं आणि त्या जोरावर आपल्या भरल्या घरालाही करून टाकलं. त्याने अंधारात ओल्या भिंतीला दोन्ही तळवे लावले. ते पाणी गार होतं. हे सगळं तिचं, त्याला वाटलं, हे सगळं हिच्या आतून आलेलं आहे आणि मी टपावर बादल्या ओततोय.

बाहेर गाडीचा आवाज आला, थांबला. टेंपोचा मागचा फाळका पडल्याचा दणका. मेव्हण्याचा आवाज, काहीतरी विचारणारा, भावोजी कुठायत असंच असेल. तिने काय सांगितलं ते कळलं नाही. मेव्हणा हसला नाही. दोघंही दाराशी उभी राहून वाट बघत असावीत. कशाची, ते त्याला माहीत होतं. तो मुठी मारू शकला असता, ओरडू शकला असता, मेव्हण्याने दार उघडलंच असतं, पुरुषमाणूस आत कोंडलेला कोण ठेवील? मग तो बाहेर गेला असता, डोळे मिचकावत, आणि रागाने बोलला असता, आणि शिवणयंत्र टेंपोत चढलं असतं. तो दारापाशी आला. पेर पुढे केलं. एक ठोका मारला. तो डबाभर फिरून विझला. पलीकडे कुणी हललं नाही. डबा चोख होता, एकही भोक नव्हतं, आणि त्याने उभ्या आयुष्यात खोटी तपासणी केली नव्हती. मग त्याने दुसरा ठोका मारला.

दांडे जागचे हलले नाहीत. मग तिची पावलं दारापासून निघाली, डब्याच्या कडेने, खडीवरून, मध्ये एकदा खोकण्यासाठी थांबली, आणि पलंगाच्या बाजूला आली. नापास म्हटल्यावर आधी खडू आणि मग दार, हा नियम त्यानेच तिला कधीकाळी हसत सांगितला होता. उघड्या पत्र्यावर खडू करकरला. तो आवाज पत्र्याच्या ह्या बाजूला इतका जवळ होता की त्याच्या दातांत शिरला. काळोखात चाचपडत तो पलंग ओलांडून तिथे गेला. खडू नळ्यांवरून उंचसखल होत आडवा चालला होता. त्याने आवाजावर बोट ठेवलं आणि त्याच्याबरोबर चालवलं. बोटाखालून पाणी ओघळून कोपरापर्यंत आलं. रेघ वळली, खाली उतरली. ती नेहमीएवढाच चौकोन काढत होती, हातभर उंच, दीड हात रुंद. एवढ्या दिवसांत तेवढंच मागायची सवय झालेली.

"जरा मोठी काढ," तो म्हणाला. आवाज घुमला आणि त्याच्यापाशीच परत आला. तिला ऐकू गेलं नसणार. त्याने त्या जागी पत्र्यावर तळहाताने थाप मारली, बोट तिच्या रेघेच्या बाहेर, वर, आणखी वर नेलं आणि तिथे पेराने ठोकलं. दोनदा.

खडू थांबला. मग पुन्हा करकरला, बराच वरून.